झाकणदगड

पिंपळटेकच्या लोकांनी तेलाला होकार दिला तो हेमांगी भंगाळेच्या शब्दावर. पुढे चौकशीत परवाने निघाले, नकाशे निघाले, पर्यावरणाचे दाखले निघाले. पण गावात कुणालाही विचारलं असतं तर त्याने एवढंच सांगितलं असतं. ती गावची लेक होती. दगडांची डॉक्टर होती. काही होणार नाही असं ती म्हणाली, म्हणून ठराव झाला.

गाव तापीकाठचं, केळीच्या पट्ट्यातलं. हेमांगी बारा वर्षांची असताना आईवडील एकाच अपघातात गेले. थोरला भाऊ लीलाधर तेव्हा बावीसचा होता. त्याने वर्षभरात लग्न केलं आणि भारतीवहिनी घरात आली. हेमांगीची वेणी घालणं, डबा भरणं, दहावीच्या अभ्यासाला तिच्याबरोबर जागणं, सगळं वहिनीने केलं. पुढे हेमांगी भूगर्भशास्त्र शिकली, पुण्यात डॉक्टरेट केली, एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. लग्न तिने केलं नाही. सुट्टी मिळाली की ती पिंपळटेकला यायची, कारण तिचं घर तेच होतं.

ग्रामसभा झाली ते २०४३ साल. आखातातली जहाजवाहतूक दुसऱ्यांदा बंद पडली होती. गाड्या बहुतेक विजेवर धावत होत्या, पण विमानं, औषधं, खतं, केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या, सगळ्याच्या मुळाशी तेल होतंच. खानदेशच्या काळ्या पाषाणाखाली, तीन किलोमीटर खोल, तेलाने भरलेल्या खडकाचा एक थर आहे हे वीस वर्षांपासून माहीत होतं. अडचण अशी होती की तो खडक तेल सोडत नव्हता.

हेमांगीने शाळेच्या पडवीत टेबलावर काचेच्या दोन बरण्या ठेवल्या. दोन्हींत अंगठ्याएवढा दगडाचा तुकडा होता.

"हे दोन्ही तुकडे तेलात मुरवलेले आहेत," ती म्हणाली. "चार दिवसांपूर्वी पाण्यात ठेवले. या बरणीत नुसतं पाणी आहे. बघा, तेलाचे दोन-तीन ठिपके सुटलेत, बस. दगडाला छिद्रं असतात, पण या दगडाची छिद्रं आपल्या केसाच्या हजाराव्या भागाएवढी. तेल त्या भिंतींना धरून बसतं. आपण खाली विहीर खणली, दाबाने दगड फोडला, तरी शंभरातले पाच-सहा भाग तेल बाहेर येतं. बाकीचं तिथेच राहतं."

मग तिने दुसरी बरणी उचलली. पाण्यावर तपकिरी तेलाचा पातळ थर साचला होता आणि तळाचा दगड फिकट पडला होता.

"या पाण्यात आमचं औषध आहे. साबण कसा ताटाचा ओशटपणा सोडवतो, तसं हे दगडाच्या भिंतीवरून तेल सोडवतं. तेल सुटलं की पाणी आपोआप छिद्रात शिरतं आणि तेलाला बाहेर ढकलतं. नवा माठ कसा पाणी पितो, तसंच."

लोक पुढे येऊन बरणीत डोकावत होते. ओंकारआबा सरोदे, गावातले सर्वांत जुने बागायतदार, खुर्चीतूनच बोलले. "मला एक सांग व पोरी. खालचं तेल मोकळं केलंस, तर ते वर चढून आमच्या पाण्यात नाही का यायचं?"

"चांगलं विचारलंत आबा. त्या तेलाच्या थरावर चिकणदगडाचा साठ मीटर जाड थर आहे. आम्ही त्याला झाकणदगड म्हणतो. त्याच्या वर काळा पाषाण, त्याच्या वर आपला गाळ आणि गाळात आपलं पाणी. त्या झाकणाने सहा कोटी वर्षं तेल आणि वायू खाली दाबून धरलाय. म्हणून तर ते अजून तिथे आहे."

आबांनी मान डोलावली. लीलाधर त्या वर्षी सरपंच होता. त्याने हात वर करायला सांगितलं आणि पडवी हातांनी भरून गेली.

हेमांगी खोटं बोलली नव्हती. तिचा त्यावर विश्वास होता.

औषधाचं अधिकृत नाव 'सूत्र सात' होतं. विहिरींवरचे कामगार त्याला धोबी म्हणत, आणि पुढे तेच नाव रूढ झालं. पहिली सहा सूत्रं फसली होती, कारण खडकातली चिकणमाती औषध शोषून घ्यायची. शंभर मीटर जाण्याच्या आत ते संपून जायचं. हेमांगीने दोन वर्षं खपून औषधाच्या रेणूला एक शेपटी जोडली. त्या शेपटीमुळे माती त्याला धरू शकेना. तेल सोडवल्यावर तो रेणू मोकळाच राहायचा आणि पुढच्या भिंतीकडे सरकायचा. एकदा सोडलेलं औषध वर्षानुवर्षं काम करत राहील असं गणित निघालं, आणि शंभरातले सहा भाग जिथे निघत तिथे एक्केचाळीस निघू लागले. प्रकल्पप्रमुख निरंजन तळवलकर यांनी त्या दिवशी सगळ्या प्रयोगशाळेला जेवू घातलं.

झाकणदगडावर या औषधाचा काय परिणाम होतो हे तपासणं नियमाने आवश्यक होतं. खणताना काढलेल्या झाकणदगडाच्या दांड्यातून तीन तुकडे कापले, ते औषधाच्या पाण्यात मुरवले, रबराच्या नळीत घट्ट बसवले आणि खालून वायूचा दाब दिला. चाळीस दिवस. दोन तुकड्यांतून काही आलं नाही. तिसऱ्यातून सदतिसाव्या दिवशी बुडबुडे आले. नळी उघडून पाहिली तर रबराला एका कडेला बारीक चीर होती. तशी चीर असली तर वायू दगडातून न येता कडेने येतो, हे प्रयोगशाळेतल्या कुणीही सांगितलं असतं. हेमांगीने नोंद केली: नळीतून गळती.

"सर, ही चाचणी परत करू. या वेळी वर्षभर चालवू," ती तळवलकरांना म्हणाली होती.

"वर्षभर? दिल्लीहून दिवसाला दोन फोन येतात हेमांगी. तुला स्वतःला काय वाटतं? दगड आहे की नळी?"

"नळीच असावी."

"मग?"

तिने आग्रह धरला नाही.

चार वर्षं चांगली गेली. गावाभोवती अठ्ठावीस विहिरी झाल्या. शहरात गेलेली पोरं विहिरींवर कामाला परत आली. दवाखाना झाला, नदीवर पूल झाला. लीलाधरने केळी पिकवायचं चेंबर बांधलं, म्हणजे रबरी पट्ट्यांनी दार हवाबंद होणारी मोठी खोली, आत पंखे आणि थंडाव्याची यंत्रं. तिथून केळी थेट दुबईला जाऊ लागली. चेंबरचं काम वहिनी बघायची. सकाळी सहाला दार उघडून घडांचा रंग ती स्वतः तपासायची, नोकरांवर तिचा भरवसा नव्हता. हेमांगीची प्रयोगशाळाही आता जळगावात आली होती. दर रविवारी ती जेवायला जायची आणि वहिनी तिला वाढताना तिच्या वजनावरून बोलायची. धोबी आता आणखी पाच देशांत वापरला जात होता.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी लीलाधरचा फोन आला.

"हेमा, खालच्या मळ्यातल्या बोअरचं पाणी सोड्यासारखं येतंय. फसफसतं नुसतं. मोटरही मधेच हवा ओढते."

ती दुपारी पोचली. बोअरच्या तोंडाशी पाणी पांढुरकं येत होतं आणि बादलीत मिनिटभराने निवळत होतं. तिने एक रिकामी बाटली पाण्याने भरून बादलीत उलटी धरली. बुडबुडे वर चढत गेले, बाटलीतलं पाणी खाली उतरलं. मग ती दूर गेली, बाटलीच्या तोंडाशी लायटर नेला. निळी ज्योत दिसली न दिसली अशी लागली आणि विझली.

"घ्या, आता बांधावरच चहा ठेवायचा," भारतीवहिनी म्हणाली. चहाची किटली घेऊन ती मागेच उभी होती.

हेमांगी हसली नाही, तेव्हा लीलाधरने विचारलं, "धोक्याचं आहे का?"

"नदीच्या जुन्या गाळात कुजलेला पाला असतो, त्याचाही असा वायू निघतो. बऱ्याच ठिकाणी निघतो. मी नमुना नेते. तोवर पंपघराचं दार उघडं ठेवा, तिथे विडीकाडी करू देऊ नका."

"गावात सांगू?"

हेमांगीने विचार केला. गावात अडीचशे बोअर होते. उद्या सगळे बोअरपाशी काड्या घेऊन उभे राहतील असं तिला वाटलं.

"कळेपर्यंत नको," ती म्हणाली. "उगाच घबराट होईल."

चेंबर तिच्या मनातही आलं नाही.

पाल्यापाचोळ्याच्या वायूतला कार्बन हलका असतो, खोल खडकात शिजलेल्या वायूतला जड. यंत्रात तो फरक सरळ दिसतो. नमुन्याची पाळी शनिवारी आली आणि आकडा जड निघाला, खालच्या तेलखडकातल्या वायूशी तंतोतंत जुळणारा. पाण्यात तिने आणखी एक गोष्ट शोधली, आणि ती सापडू नये असं तिला फार वाटत होतं. धोबी सापडला. अब्जावधी थेंबांत एखादा थेंब असावा इतका, पण तिने स्वतः जोडलेली ती शेपटी ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं.

ती दगडांच्या कोठारात गेली. चार वर्षांपूर्वीचा तिसरा तुकडा बरणीत, त्याच पाण्यात बुडवलेला, फळीवर होता. तिने तो नव्या नळीत बसवला, रबर दोनदा तपासलं आणि खालून दाब दिला. दोन तासांत वरच्या काचनळीत बुडबुडे आले. एक, मग बराच वेळ काही नाही, मग ओळीने. गळती तेव्हाही दगडातूनच झाली होती.

तिथेच स्टुलावर बसून तिने ते समजून घेतलं. खरं तर ते अवघड नव्हतंच, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजावं इतकं सोपं होतं. छत्रीच्या कापडाला छिद्रं असतात, तरी पाणी आत येत नाही, कारण पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण ते छिद्रात शिरू देत नाही. तीच छत्री साबणाने धुवा. ताण मोडतो आणि छत्री गळते. झाकणदगडही छिद्रांचाच होता. त्याच्या छिद्रांतल्या पाण्याचा ताण खालच्या वायूला सहा कोटी वर्षं अडवून होता. तेल सुटावं म्हणून तिने जो ताण मोडला, तोच हा ताण. जुनी सूत्रं झाकणापर्यंत पोचलीच नसती, चिकणमातीने त्यांना वाटेतच गिळलं असतं. पोचलं ते तिचं.

रविवारी ती गावी गेली नाही. तळवलकरांच्या घरी गेली. ते साठीचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आकडे दोनदा पाहिले.

"परत काढता येईल?" त्यांनी विचारलं.

"नाही. संपतही नाही ते. संपू नये असंच बनवलंय."

"विहिरी बंद केल्या तर?"

"तर खालचा दाब पुन्हा भरत जाईल आणि गळती वाढेल. उलट तेल आणि वायू जेवढ्या जोरात खेचू तेवढा दाब उतरेल. पण वीस-बावीस वर्षं खेचावं लागेल. तोवर गळती चालूच राहणार, फक्त हळू."

तळवलकरांनी आकड्यांचा कागद तिच्याकडे परत सरकवला. "पाचशे कुटुंबं आहेत," ते म्हणाले. "एका बोअरचा एक नमुना आहे आपल्याकडे. तू बाहेरच्या प्रयोगशाळेतून पक्कं करून घे. गुरुवारपर्यंत येईल. आला की मी स्वतः तुझ्याबरोबर गावात येतो, कलेक्टरना घेऊन. आपलं चुकलं असेल तर लोकांची घरं उगाच उठतील."

ते पटण्यासारखं होतं. आणि हेमांगीला, अगदी आतून, आपण चुकलो असावं असं वाटत होतं. ती थांबली. संध्याकाळी तिने लीलाधरला फोन करून विचारलं की पंपघराचं दार उघडं आहे ना. तो हो म्हणाला. "रिपोर्ट आला का?" त्याने विचारलं. "येईल एक-दोन दिवसांत," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी सहाला भारतीवहिनीने चेंबरचं दार उघडलं. फरशीच्या सांध्यांतून रात्रभर वायू आत भरत होता आणि रबरी पट्ट्यांनी तो बाहेर जाऊ दिला नव्हता. त्याला वास नव्हता. गॅसच्या सिलिंडरला वास असतो तो मुद्दाम घातलेला असतो. तिने पंख्यांचं बटण दाबलं. आवाज नदीपलीकडच्या धामोडीत ऐकू गेला. लीलाधर गोठ्यात होता. त्याने तिला बाहेर ओढलं तेव्हा ती शुद्धीवर होती आणि आत दोन मजूर आहेत का हे विचारत होती. मजूर अजून आले नव्हते.

जळगावच्या रुग्णालयात ती तीन दिवस जगली. हेमांगीला काचेतून बघता आलं. लीलाधरच्या दोन्ही हातांना बँडेज होतं. त्याची मुलगी देवश्री नाशिकहून आली होती आणि बापाला चमच्याने चहा पाजत होती. शनिवारी दुपारी डॉक्टर बाहेर आले, लीलाधरशी हळू आवाजात बोलले आणि गेले. देवश्री आत गेली. बाकावर दोघं भाऊबहीण उरले.

"हेमा," लीलाधर म्हणाला, "तुला कधी कळलं?"

तिने उत्तर द्यायला वेळ लावला नाही. खोटं सांगता आलं असतं. रिपोर्ट गुरुवारी आला होता, त्यावर तारीख होती.

"शंका पहिल्या दिवशी आली. खात्री गेल्या शनिवारी झाली."

"शनिवारी. आणि रविवारी तू मला फोन केलास."

"हो."

"दाराचं विचारलंस."

"हो दादा."

बँडेज बांधलेले हात मांडीवर ठेवून तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला. थोड्या वेळाने देवश्रीचं रडणं ऐकू आलं, तेव्हा तो उठला आणि आत गेला. हेमांगीही उठली. दारातल्या नातेवाइकांनी तिला वाट दिली नाही, आणि तिने मागितली नाही.

गाव महिन्याभरात रिकामं केलं. तपासणीत दोनशे सोळा बोअर वायूचे निघाले. विहिरींवर मोर्चे गेले, दोन टाक्या जाळल्या, आणि सरकारने चौकशी समिती नेमली. समितीची सुनावणी जळगावच्या एका सभागृहात झाली. पिंपळटेकचे लोक सगळे आले होते. हेमांगीने साक्षीत काही लपवलं नाही. तिसरा तुकडा, रबराची चीर, 'नळीतून गळती' ही नोंद आपल्या हातची आहे, तळवलकरांनी आपल्यावर जबरदस्ती केली नव्हती, सगळं तिने सांगितलं. मग समितीच्या अध्यक्षांनी विचारलं की आता काय करावं.

"विहिरी बंद करू नका," ती म्हणाली.

मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

"उपसा चालू ठेवा. शक्य तितका वाढवा. खालचा दाब उतरवणं एवढंच आपल्या हातात आहे. विहिरी बंद केल्यात तर वायूला वरची एकच वाट राहील."

"म्हणजे तेल काढत राहायचं?" मागून कुणीतरी विचारलं. ओंकारआबा उभे राहिले होते. नातवाने त्यांना धरलं होतं. "माणूस मेलं, गाव उठलं, तरी तेल काढायचं? हे तू सांगतेस?"

"आबा, मी तेलासाठी सांगत नाही..."

"मागेही तूच सांगितलं होतंस," आबा म्हणाले आणि खाली बसले.

तिने आकडे दाखवले. आलेख दाखवले. बरोबर होते ते; समितीतल्या दोन तज्ज्ञांनी खासगीत तसं मान्यही केलं. पण आणखी वीस वर्षं तेल उपसायचा आदेश काढण्याची हिंमत कुणात नव्हती, आणि तसा आदेश निघाला असता तर लोकांनी तो मानला नसता. लीलाधर पहिल्या रांगेत होता. ती बोलत असताना एकदा तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसा बघत होता. तिसऱ्या महिन्यात अठ्ठावीसही विहिरी सिमेंटने बुजवल्या. बाहेर लोकांनी घोषणा दिल्या, काहींनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

दाब भरू लागला. तिने सांगितलं होतं त्यापेक्षा थोडा लवकरच.

कंपनी बुडाली, तळवलकरांना अर्धांगाचा झटका आला. सरकारने वायू मोजण्याचं एक छोटं कार्यालय काढलं आणि हेमांगीने तिथे अर्ज केला. तिच्यावर खटला होता, पण त्या खडकाची माहिती असलेलं दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. पिंपळटेकभोवती जमिनीत नळ्या रोवल्या होत्या, त्यांना खुंट म्हणत. दर आठवड्याला ती खुंटाखुंटावर यंत्र लावून आकडा लिहून घ्यायची. वायूने मातीतली हवा ढकलून बाहेर काढली होती, त्यामुळे केळीची मुळं गुदमरून बागा जागच्या जागी वाळल्या होत्या. आधी मधोमध, मग कडेने. तिच्या नकाशावर ते एक वर्तुळ होतं आणि ते वर्षाला चारशे मीटर वाढत होतं.

उपाय सुचवायला लोक येत. एकांनी झाकणदगडात जेली भरून पाहिली. धोबीने जेलीही सोडवली. एकांनी धोबी खाणारे जिवाणू आणले. त्या खोलीवरच्या उष्णतेत ते जगले नाहीत. बाकीच्या पाच देशांतून तिला पत्रं यायची. आधी ती पत्रं आकडे मागणारी होती, मग प्रश्न विचारणारी, आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांत नुसतंच लिहिलेलं असे की आमच्याकडेही सुरू झालं. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची. उपसा थांबवू नका, एवढंच सांगण्यासारखं होतं. कुणी ऐकलं असं कळलं नाही.

तिसऱ्या वर्षी, कार्तिक संपता संपता, लीलाधर तिच्या जळगावच्या खोलीवर आला. सांगून आला नव्हता. तो आता भुसावळला तिसऱ्या मजल्यावरच्या एका सदनिकेत राहत होता आणि एका दुकानात बसत होता, एवढं तिला देवश्रीच्या मैत्रिणीकडून कळलं होतं. त्याच्या हातांची कातडी चकचकीत आणि ताणलेली दिसत होती.

तिने पाणी आणलं. त्याने ते घेतलं नाही. पिशवीतून कुंकू लावलेली पत्रिका काढून टेबलावर ठेवली.

"देवश्रीचं लग्न ठरलं," तो म्हणाला. "भारती नेहमी म्हणायची, पोरीच्या लग्नात पहिली पत्रिका आत्याला. म्हणून पहिली तुझ्याकडे आणली."

हेमांगीने पत्रिका दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली.

"लग्नाला येऊ नकोस," लीलाधर म्हणाला.

"बरं."

"गावचे सगळे येणार आहेत. आणि देवश्रीलाही..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"नाही येत दादा. तू काळजी करू नकोस."

तो जायला उठला, पण दाराशी थांबला. भिंतीवर नकाशा लावला होता. त्याने तो जवळ जाऊन पाहिला. खालचा मळा कुठे आहे हे त्याला न विचारता सापडलं.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"शनिवारी तू मला सांगितलं असतंस, तर भारती वाचली असती?"

"हो."

"आणि गाव?"

"गाव नसतं वाचलं. औषध खाली सोडलं त्या दिवशीच ते गेलं होतं."

लीलाधरने मान हलवली. तिला वाटलं तो चिडेल, किंवा रडेल. तो थकल्यासारखा दिसत होता फक्त.

"गावाचं मी विसरलो असतो," तो म्हणाला. "तुला तरी कुठे माहीत होतं. हात वर करायला मीच सांगितलं होतं. ते दोघांचं आहे. पण ते चार दिवस तुझे एकटीचे आहेत, हेमा. त्यात मला वाटा घेता येत नाही. मी फार प्रयत्न केला."

तो जिना उतरून गेला. ती दारात उभी होती. खालच्या मजल्यावर त्याला कुणीतरी पत्ता विचारला आणि त्याने नीट समजावून सांगितला, ते तिला ऐकू आलं.

लग्न मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, सकाळी अकराच्या मुहूर्तावर होतं. हेमांगी त्या दिवशी कामावर गेली. सात ते बारा नंबरचे खुंट नदीच्या अलीकडे होते, ते तिने साडेदहापर्यंत आटोपले. मग पुलावरून पलीकडे गेली. तेरावा खुंट धामोडीच्या शिवारात, एका उसाच्या बांधावर होता. तिथे आजवर नेहमी शून्यच आलं होतं. त्या दिवशी आकडा आला.

तिने यंत्र झटकलं, नळी पुसली, पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. धामोडीची वस्ती साडेतीन हजारांची होती, बाजाराचं गाव होतं, आणि बांधावरून शाळेचं पटांगण आणि त्यात कवायत करणारी पोरं दिसत होती. तिने वहीत तारीख आणि वेळ लिहिली, त्यापुढे आकडा लिहिला, आणि बांधावरच उभं राहून धामोडीच्या सरपंचांना फोन लावला.